लाईट न पडता निघालेला फोटो

आमच्या भागात लाईट पडल्याशिवाय फोटो निघत नाही. हे शास्त्र मी शोधून काढलेलं नाही. मी या धंद्यात आले तेव्हा ते आधीच पक्कं झालेलं होतं. भर दुपारी, फैजपूरच्या केळीच्या बागेत, आपल्या उंचीएवढ्या घडाशेजारी टोपी नीट करून उभे राहिलेले आबासुद्धा फ्लॅश उडेपर्यंत श्वास रोखून धरतात. डोक्यावर एवढा मोठा सूर्य तळपत असतो, पण तो त्यांच्या हिशेबी नसतो. "झाला ओ आबा," म्हटलं की ते संशयाने माझ्याकडे बघतात. "लाईट तं पडला नाही!" मग मी मुकाट्याने फ्लॅश चढवते, एकदा लखकन उडवते. आबा सुस्कारा सोडतात, खांदे सैल होतात, घडाकडे वळून त्यावरून लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवतात. खरा फोटो तिथे असतो. तो मी चोरून काढते आणि गिऱ्हाइकाला तोच आवडतो. आधीचा लखलखाट म्हणजे नुसता नैवेद्य.

बोदवडला स्टेशनच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ आहे. लोक मला फोटोवाली अक्का म्हणतात. सुरुवातीच्या काळात लग्नात बाई कॅमेरा घेऊन आली की वऱ्हाड नवरीला सोडून माझ्याकडेच बघायचं, त्यामुळे जुन्या कितीतरी फोटोंत सगळं गाव अगदी सरळ माझ्या डोळ्यांत बघताना दिसतं. पुढे सवय झाली, त्यांनाही आणि मलाही. लग्नं, बारशी, केळीचे घड, निवडणुकीतले हात जोडलेले उमेदवार, सगळं काढलं. जळगावच्या एका सराफाकडे दागिन्यांचे फोटो काढायला गेले तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी फजिती झाली. सोनं म्हणजे आरशाचं सख्खं भावंड, समोर जे असेल ते पोटात घेतं. मी गुलाबी साडी नेसून गेले होते. शेठ फोटो बघून म्हणाले, "अक्का, आमच्या पाटल्या गुलाबी कशा झाल्या?" तेव्हापासून सराफाकडे जाताना मी काळे कपडे घालते आणि शेजारीण रस्त्यात अडवून विचारते, कोण वारलं म्हणून.

फोटोचा धंदा म्हणजे उजेडाचा धंदा. बाहेरच्या माणसाला वाटतं कॅमेरा चेहरा टिपतो. तो टिपतो फक्त चेहऱ्यावरून परत आलेला उजेड. उजेड भरपूर असला की कुठलाही कॅमेरा शहाणा ठरतो, खरी पारख होते ती अंधारात. माझा जुना कॅमेरा उन्हात वाघ होता. हॉलमध्ये नेला की त्याची शेळी व्हायची. कमी उजेडात त्याला ताण देऊन फोटो काढला तर चेहऱ्यावर कुणीतरी मूठभर रवा उधळल्यासारखे दाणे यायचे. म्हणून हॉलमध्ये शिरलं की फ्लॅश लावायचा, समोरच्याचे डोळे दिपवायचे आणि पुढे सरकायचं, असं माझं वर्षानुवर्षं चाललं होतं. नवा घ्यावा असं अधूनमधून मनात यायचं. आमचे हे शेतकरी माणूस. ते म्हणायचे, "दिसतंय ना त्याच्यात सगळं? मग?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर एक दिवस आईबरोबर माझ्या दुकानाची पायरी चढून आलं. करुणा तिचं नाव. जन्मापासून तिच्या अंगात रंगच नाही. केस, भुवया, पापण्या, सगळं कणसाच्या रेशमासारखं पांढरट पिवळं. शाळेत पोरं तिला इंग्रजीण म्हणायची. हुशार मुलगी, जळगावला एका डाळ मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, पडद्यावरची अक्षरं मोठी करून. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा धुळ्याचा, मिलिंद, मोटार वायंडिंगचं दुकान चालवतो. दोघांनी आपसात ठरवलेलं आणि मग घरच्यांनी मान्य केलेलं लग्न.

"अक्का, माह्या पोरीचे डोये आजवर एकाही फोटोत आले नाही ओ," आई खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली. "शाळेच्या फोटोत मिटेल आहे, कालेजच्या फोटोत मिटेल आहे. धुळ्याच्या नानांनी फोटो पाह्यले अन् इचारलं, पोरीले दिसते का नाही?"

नाना म्हणजे मिलिंदचे थोरले काका. त्या घरात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी लग्न मोडलं नव्हतं, पण मनातली शंकाही सोडली नव्हती.

करुणा आईला थांबवून म्हणाली, "नानांचं सोड गं. अक्का, मला माझ्यासाठी पाहिजे. माझ्या लग्नात मी डोळे उघडे ठेवून उभी होते, असा एक तरी फोटो. एकच पुरे. नाहीतर उद्या माझीच मुलं विचारतील, आई तू लग्नात झोपली होतीस का?"

ती हसली, म्हणून मीही हसले, पण मला ते लागलं. मी तिला नीट विचारलं, तेव्हा तिने डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. आपल्या डोळ्यांत जो रंग असतो तो पडद्याचं काम करतो, जादाचा उजेड अडवतो. तिच्या खिडकीला पडदाच नाही. त्यामुळे फ्लॅश तर सोडाच, तो उडणार या नुसत्या धास्तीनेच तिचे डोळे मिटतात.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दिवे घालवले, तिला खिडकीपासून लांब बसवलं आणि जुना कॅमेरा घेऊन समोर उभी राहिले. डोळे उघडे होते. पण ते एका जागी ठरत नव्हते, पाण्यावरच्या चंद्रासारखे बारीक हलत होते, आणि फोटोत नजर भलतीकडेच गेलेली यायची. "मान सरळ," मी म्हणाले. आम्हा फोटोवाल्यांच्या तोंडात हे एक वाक्य कायम बसलेलं असतं. मान सरळ, हनुवटी खाली, इकडे बघा. तिने मान सरळ केली. डोळे आणखी हलायला लागले. पुन्हा "मान सरळ". पुन्हा तेच. मला माझाच राग यायला लागला आणि माझा राग आवाजात लगेच उतरतो.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. मिलिंदचा मेसेज होता. तिने फोन नाकाजवळ धरला, हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवली, मान थोडी कलती केली आणि वाचायला लागली. डोळे एकदम शांत झाले. मी कॅमेरा खाली केला.

"करुणा, तू मान अशी का केलीस?"

"अशी केली की मला नीट दिसतं. या कोनात डोळे हलायचे थांबतात."

"मग आतापर्यंत कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार कुणाला? फोटोवाले आल्या आल्या म्हणतात, मान सरळ. आई पण तेच म्हणते."

आई खुर्चीत चुळबुळली. "लोकं पाहातात ना ओ, अक्का. वाकडी मान चांगली दिसते का?"

मी तिला म्हटलं, तुला बरं वाटेल तशी बस. तिने मान कलती केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी फोटो काढला. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर डोळे सापडले होते. फिकट निळसर, अगदी स्थिर, थेट माझ्याकडे बघणारे. पण सगळ्या चेहऱ्यावर रवा सांडलेला होता. एवढ्याशा उजेडात माझा जुना कॅमेरा यापुढे जाणार नव्हता, आणि लग्नाचा हॉल माझ्या दुकानापेक्षा काही उजळ नसतो. आई पदराने डोळे पुसत तो रवाळ फोटोच मागत होती. मी दिला नाही. म्हटलं, लग्नातला देईन, याच्यापेक्षा चांगला. बोलून गेले आणि त्याच रात्री साठवलेले पैसे मोजायला बसले.

दुसऱ्या दिवशी जळगावला कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, गोडबोल्या. तो म्हणाला, "अक्का, आरशावाला कॅमेरा आता कोण घेतं? बिनआरशाचा घ्या, सगळे तिकडेच चाललेत." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्यासारख्यांच्या कॅमेऱ्यात एक छोटा आरसा असतो. भिंगातून आलेला खरा उजेड तो आपल्या डोळ्यापर्यंत पोचवतो आणि बटण दाबलं की खट्‌कन बाजूला होतो. बिनआरशाच्यात आपण एक चिमुकला टीव्ही बघत असतो. वाईट नाही, नवी मंडळी त्यावर फार सुंदर काम करतात. पण मी म्हटलं, "भाऊ, मला नवरी बघायची आहे, नवरीची मालिका नाही." शिवाय माझी जुनी भिंगं नव्या आरशावाल्याला बसत होती. मी त्याला दुकानातले दिवे घालवायला लावले आणि काउंटरखालच्या अंधारात नवा कॅमेरा धरून बटण दाबलं. पडद्यावर त्याचा जेवणाचा डबा, काढून ठेवलेल्या चपला आणि डब्यावर चढत असलेलं एक झुरळ, तिघंही मिशांसकट स्वच्छ दिसले. रवा कुठेच नव्हता. दुकानदार डबा उचलायला धावला आणि मी म्हटलं, हाच बांधून द्या. किंमत इथे लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या सासूबाईही वाचतात.

नवा कॅमेरा घरी येतो तेव्हा नव्या सुनेसारखीच तऱ्हा असते. सगळं चांगलं असतं, पण डबे दुसऱ्याच फळीवर ठेवलेले असतात. माझा अंगठा इतकी वर्षं जिथे जायचा तिथे आता भलतंच बटण होतं. एका बारशात मी पाळण्याचे फोटो काढतेय म्हणून मन लावून काढत होते आणि घरी येऊन पाहिलं तर माझ्या चपलांचा लांबलचक व्हिडिओ निघाला. नशीब, शेवटी शेवटी चूक लक्षात येऊन थोडे फोटो निघाले होते. त्यानंतर मी घरातच शाळा मांडली. सासूबाईंना समईच्या उजेडात बसवून सराव केला. त्याही श्वास रोखून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "लाईट कधी पडणार गं?"

आणखी एक अडचण होती. करुणाचं लग्न बौद्ध पद्धतीने होणार होतं. बौद्ध लग्नात नवरा, नवरी, बहुतेक सगळे पाहुणे पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्यासारखं अवघड काही नाही. कॅमेऱ्याची अशी समजूत असते की जग सरासरीने करडं आहे. त्याच्यासमोर पांढरं आणलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळं मळकं करून टाकतो. उलट आपण हात सैल सोडला तर साडीच्या चुण्या, फुलांच्या पाकळ्या पुसल्या जातात आणि नवरीच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. करुणाचा रंग तर साडीला लागून होता. नशिबाने आमच्या पुढच्या खोलीत वेचणीचा कापूस छतापर्यंत लागला होता. मी त्या ढिगासमोर स्टूल टाकून बसायची आणि बोंडाचा धागा न् धागा वेगळा दिसेपर्यंत आकडे वरखाली करायची. आमचे हे दारातून बघून म्हणाले, "कापसाचे फोटो काढून भाव वाढणार आहे का?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच पडद्यावर कापूस पाहिला आणि म्हणाले, "असा तर हातात घेतल्यावर दिसतो." तेव्हा मला धीर आला.

लग्न धुळ्याला होतं. हॉल बरा होता, पडदे ओढलेले, स्टेजवर बुद्धमूर्ती आणि प्रतिमा, समोर मेणबत्त्या. व्हिडिओवाल्याला मी आधीच गाठलं आणि त्याचा झगझगीत दिवा छताकडे वळवून घेतला. छत पांढरं होतं, सगळ्या स्टेजवर चांदण्यासारखा उजेड उतरला. करुणा आली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि डोळे मिटले नाहीत. मी मनात म्हटलं, निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम म्हणजे नाना. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात काठी, आवाज खणखणीत. विधीच्या आधीच पाहुण्यांनी नवरा-नवरीबरोबर फोटोला गर्दी केली. मी फ्लॅशशिवाय फोटो काढत होते, आणि काय होत असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिलं कुटुंब उभं राहिलं ते हलेचना. मी "झाला" म्हणाले, तरी कोणी जागचं हलेना, मागे रांग जिन्यापर्यंत गेली.

नाना काठी टेकत पुढे आले. "ओ अक्का, लाईट काब्र नही पडी ऱ्हायना? तुम्हना कॅमेरा बिघडना का?"

"नाही नाना, हा बिनलाईटीचाच काढतो."

"लाईट पडना नही तं फोटो कसा निंघी? मारा लाईट!"

मागून चार जणांनी री ओढली. करुणाने ते ऐकलं आणि तिच्या पापण्या फडफडायला लागल्या. फ्लॅश उडणार या धास्तीनेच ती मिटत चालली होती. नाना एकदा म्हणाले की त्या घरात ते होणार, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "नाना, तुमच्या सुनेला जवळचं नीट दिसतं. पण लाईट तिला सोसत नाही. लाईट मारला की तिचे डोळे मिटतात, म्हणून ते फोटो तसे येतात. आज तिचे डोळे उघडे पाहिजेत."

नानांनी वळून करुणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग आधीच सांगानं व्हतं ना, अक्का!" आणि लगेच मागे वळून रांगेकडे बोट दाखवलं. "पन ह्या लोकेसनं काय करशात?"

मी बॅगेतून फ्लॅश काढला आणि त्यांच्या हातात दिला. "नाना, लाईट तुम्ही सांभाळा. नवरीकडे पाठ करून उभे राहा, तोंड हॉलकडे. हे बटण दाबलं की उडतो."

पुढचा सोहळा बघण्यासारखा होता. नाना स्टेजच्या कडेला नवरीकडे पाठ करून उभे राहिले. "बठ्ठा नीट उभा ऱ्हा. मी लाईट मारस!" असं सगळ्यांना बजावून ते हॉलच्या मागच्या भिंतीवर लखकन उजेड पाडायचे. फोटोतल्या मंडळींना लाईट पडल्याचं समाधान मिळायचं, खांदे सैल व्हायचे, कोणी हसायचं, कोणी नवरीच्या गालाला हात लावायचं, आणि तेवढ्यात मी बटण दाबायची. रांग धडाधड पुढे सरकायला लागली. मागच्या भिंतीजवळ नाश्त्याला बसलेल्यांच्या मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, त्यांची मी इथे माफी मागते.

मग विधी सुरू झाला. त्रिशरण, पंचशील झालं, दोघांनी प्रतिज्ञा म्हटल्या. मेणबत्त्यांचा पिवळा उजेड चेहऱ्यांवर आला. नाना फ्लॅश एका हाताने छातीशी धरून उभे होते. खालून कोणीतरी ओरडलं, "नाना, लाईट मारा!" तर त्यांनी काठीच उगारली. "आते लाईट नही! पोरना डोया उघडा शेतस!"

करुणाने हार उचलला. मिलिंद समोर. तिने हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवली, मान हळूच कलती केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बाई, मान सरळ ठिव!" पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला.

मी कॅमेरा डोळ्यावरून न काढता डावा हात मागे करून तिला थांबवलं. काय भाव आला त्या हातात कोण जाणे, पण ती गप्प झाली. करुणाने मान सरळ केली नाही. माझ्या भिंगात तिचे डोळे अगदी शांत होते. आरसा खट्‌कन हलला. आणखी एकदा. हार गळ्यात पडला आणि फुलांच्या पाकळ्या उडाल्या.

स्टेजवरून उतरल्यावर मी नानांना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, कॅमेरा लांब धरून पाहिला. शेवटी म्हणाले, "दिखस हो पोरले. चांगलं दिखस." आणि फ्लॅश परत द्यायला विसरून पंगतीत पाहुण्यांना आग्रह करायला गेले.

मी चांगलं काम केलं याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. पण हळहळही आहे. माझ्या कपाटात आजवर काढलेल्या माणसांचे ढीग आहेत, सगळी मान सरळ, सगळी दचकलेली. त्यातली किती जण कलत्या मानेने चांगली दिसली असती, देव जाणे. आता मी कुणालाही बसवलं की आधी विचारते, तुम्हाला बरं कसं वाटतं? लोक गोंधळतात. मग बसतात आपापल्या तऱ्हेने, आणि काम पूर्वीपेक्षा चांगलं होतं. या वयात नवं काही शिकता येतं, याचाच मला जास्त आनंद आहे.

अल्बम न्यायला करुणा आणि मिलिंद दोघं बोदवडला आले. मिलिंद पानं उलटत होता, करुणा थांबली ती हार घालतानाच्या फोटोपाशी. तिला काही बघायचं तर अगदी जवळ न्यावं लागतं. तिने अल्बम उचलून नाकाशी नेला, हनुवटी वळवली आणि बराच वेळ एकेक इंच बघत राहिली. स्वतःचे डोळे तिने आरशात पाहिले होतेच, नाक काचेला लावून. मला वाटलं ती रडणार. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

तिने अल्बम खाली ठेवला. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, आणि तिच्या रंगावर लाली लपत नाही.

"अक्का," ती म्हणाली, "आरशात मी फक्त माझ्याकडे बघताना दिसते. मी याच्याकडे अशी बघते, हे मला माहीतच नव्हतं." मग तिने मिलिंदच्या दंडावर एक चापट मारली. "तुला माहीत होतं ना? मग इतके दिवस बोलला का नाहीस?"